मुंबई–न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

एक सोपा प्रश्न. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती तास लागतात? उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण आपल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी तरी तिकडे असतोच. कोणी म्हणेल चौदा, कोणी सोळा, कोणी म्हणेल "आमच्या ताईला चोवीस तास लागले". गंमत म्हणजे तिघंही बरोबर असतात! आता बोला!

हा प्रश्न मला एकदा अगदी नको त्या वेळी विचारला गेला. डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घरी कराडला आलो होतो. मंगळवारी पहाटे आजोबा गेले. सहा वाजता काकांनी न्यूयॉर्कला दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "मी निघतोय, थांबा." फोन ठेवल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. घरातला इंजिनिअर मीच ना! "किती वेळ लागेल रे त्याला?" मी मोबाइलवर दोन मिनिटं आकडेमोड केली आणि ठामपणे सांगितलं, "चौदा तास."

माझं गणित बरोबर होतं. ते मी खाली पूर्ण सोडवून दाखवणार आहे. पण त्या दिवशी त्या गणितामुळे जे झालं ते चांगलं झालं नाही. ते शेवटी सांगतो. आधी गणित बघू.

नकाशा आपल्याला फसवतो

भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या. मुंबईवर टाचणी लावा, न्यूयॉर्कवर दुसरी लावा आणि पट्टीने सरळ रेघ ओढा. रेघ अरबी समुद्रावरून सौदी अरेबियात जाते, इजिप्तमध्ये लक्सॉरजवळून जाते, सहारा ओलांडून मोरोक्कोतल्या माराकेशवरून अटलांटिकमध्ये उतरते आणि समुद्र पार करून न्यूयॉर्कला पोचते. डोळ्यांना हाच जवळचा रस्ता वाटतो.

आता ग्रंथालयातला तो धूळ खात पडलेला पृथ्वीचा गोल घ्या आणि घरातून शिवणाचा दोरा आणा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. दोरा कुठून जातो? सहाराच्या जवळपासही नाही! तो सौराष्ट्रावरून सिंध आणि बलुचिस्तानात शिरतो. पुढे अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान करत मॉस्कोच्या जवळून, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने नॉर्वेत जातो. मग आइसलंडच्या दक्षिण भागावरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जेमतेम स्पर्श करून कॅनडात उतरतो आणि वरून खाली न्यूयॉर्कला येतो.

मी हा प्रयोग केला तेव्हा खरं सांगतो, दोरा सरकला असेल म्हणून तीनदा करून बघितला. मुंबईहून निघालेलं विमान पश्चिमेला तोंड करून निघेल असं आपण धरून चालतो. गणिताप्रमाणे त्याचं तोंड असायला हवं उत्तरेकडे, उत्तरेपासून पश्चिमेला फक्त २७ अंश कललेलं!

हे असं का होतं? भिंतीवरचे बरेचसे जुने नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेले असतात. गेरार्डस मर्केटरने ही पद्धत १५६९ साली आणली, ती जहाजांसाठी. या नकाशावर सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा. खलाशाने ती दिशा धरून ठेवली की तो मुक्कामी पोचणार. सोय झाली, पण त्या सोयीसाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागला. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते म्हणूनच. ताणलेल्या भागातलं अंतर खोटं मोठं दिसतं, त्यामुळे उत्तरेकडचा रस्ता लांबचा वाटतो.

गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग कसा काढायचा? ते दोन बिंदू आणि पृथ्वीचं केंद्र यांतून जाणारं प्रतल घ्या. ते प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदतं त्याला बृहद्वृत्त म्हणतात. आपण सरळ ग्रेट सर्कलच म्हणू. विषुववृत्त हे ग्रेट सर्कल, सगळी रेखावृत्तंही ग्रेट सर्कल. पण १९ अंशाचं अक्षवृत्त मात्र नाही, कारण त्याच्या प्रतलात पृथ्वीचं केंद्र येत नाही.

अंतराचं गणित

लागणारी माहिती फक्त दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश एवढीच.

मुंबई विमानतळ : १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ : ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम

सूत्र असं आहे. केंद्रापाशी होणाऱ्या कोनाला 'क' म्हणू.

कॉस क = (साइन अक्षांश१ × साइन अक्षांश२) + (कॉस अक्षांश१ × कॉस अक्षांश२ × कॉस रेखांशांतला फरक)

इथे पहिला खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. रेखांशांतला फरक काढताना ७३.७८ मधून ७२.८७ वजा केले तर एक अंशही उरत नाही. त्यावरून अंतर येतं सुमारे २,४०० किलोमीटर. म्हणजे मुंबई–दिल्लीच्या जेमतेम दुप्पट! एक रेखांश पूर्व आहे, दुसरा पश्चिम. दोघांच्या मध्ये ग्रिनिच आहे. म्हणून इथे बेरीज करायची : ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५ अंश.

आता किंमती टाकू.

पहिलं पद : ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३
दुसरं पद : ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९
बेरीज : −०.३८६

कॉसची किंमत −०.३८६ म्हणजे कोन ११२.७ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर केंद्रापाशी एक अंश म्हणजे पृष्ठभागावर १११.२ किलोमीटर. तेव्हा

अंतर = ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३० किलोमीटर.

नकाशावरची ती लक्सॉर–माराकेशवाली 'सरळ' रेघ मोजली तर ती भरते सुमारे १४,१९० किलोमीटर. दोन्हींतला फरक १,६६० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यावं एवढा!

दोन सूचना. एक, पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवावर ६,३५७ किलोमीटर आहे. पण गोल धरल्याने येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आपल्या कामाला ती चालते. दोन, हे सूत्र खूप जवळच्या दोन ठिकाणांसाठी वापरू नका. तिथे कॉसची किंमत १ च्या इतकी जवळ जाते की कॅल्क्युलेटरचे दशांश पुरत नाहीत. त्यासाठी हॅवरसाइनचं सूत्र आहे, प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला पुष्कळांनी ते लिहिलेलं असेल.

स्वतः करून बघायला एक उदाहरण देतो. सिडनी विमानतळ : ३३.९५ दक्षिण, १५१.१८ पूर्व. दक्षिण अक्षांश ऋण धरा. दोन्ही रेखांश पूर्व आहेत, त्यामुळे या वेळी वजाबाकी. मुंबईपासून उत्तर १०,१६० किलोमीटरच्या आसपास यायला हवं.

वेग कुठून आणायचा?

अंतर मिळालं. आता वेग. मोठी प्रवासी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पटीने उडतात. पण ध्वनीचा वेग किती? पाठांतरातला ३४० मीटर प्रतिसेकंद हा आकडा जमिनीजवळचा आहे. ध्वनीचा वेग तापमानाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, आणि ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणातलं तापमान असतं उणे ५६.५ अंश सेल्सिअस, म्हणजे २१६.६५ केल्विन.

१.४ × २८७ × २१६.६५ याचं वर्गमूळ काढा. २९५ मीटर प्रतिसेकंद येतं, म्हणजे ताशी १,०६२ किलोमीटर. त्याच्या ०.८४ पट म्हणजे ताशी सुमारे ८९२ किलोमीटर.

१२,५३० ÷ ८९२ = १४.०५ तास.

हेच ते माझे चौदा तास! थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी शिकवलेलं सूत्र प्रत्यक्षात वापरता आलं याचा त्या पहाटेसुद्धा मला मनातून थोडा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

कोणी विचारेल, विमान जरा जोरात का पळवत नाहीत? ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ गेलं की पंखावरून वाहणारी हवा काही जागी ध्वनीपेक्षा जलद होते, तिथे आघातलहरी तयार होतात आणि विरोध झपाट्याने वाढतो. थोडा वेळ वाचवायला पुष्कळ जादा इंधन जाळणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

वारा

वर काढलेला वेग हवेच्या सापेक्ष आहे. बारावीचं होडी आणि नदीचं गणित आठवा. होडीचा वेग पाण्याच्या सापेक्ष, काठावरून बघणाऱ्याला तो वेगळा दिसतो. विमानाचंही तसंच. आणि वरची हवा थांबलेली नसते.

मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापं केली. ती त्यांनी एस्परांतो या भाषेत छापली. जगभर वाचली जावीत हा हेतू, पण ती भाषा वाचणारे थोडे, म्हणून तिकडे फारसं कोणाचं लक्षच गेलं नाही! हिवाळ्यात हे वारे ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये 'सिआरा' वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. उलट दिशेला हाच प्रवास सात-आठ तासांचा असतो.

तुम्हाला वाटेल, जाताना समोरून वारा आणि येताना पाठीमागून, म्हणजे फिट्टंफाट. नाही! समजा वाऱ्याची सरासरी ताशी ८० किलोमीटर आहे.

जाताना : १२,५३० ÷ ८१२ = १५.४३ तास
येताना : १२,५३० ÷ ९७२ = १२.८९ तास
बेरीज : २८.३२ तास

वारा नसता तर दोन्ही मिळून २८.०९ तास लागले असते. वारा जाताना जेवढं काढून घेतो तेवढं येताना परत देत नाही. कारण सोपं आहे. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी वेळ.

यातून पुढची गोष्ट निघते. सर्वांत कमी अंतराचा रस्ता आणि सर्वांत कमी वेळाचा रस्ता हे एक नव्हेत. न्यूयॉर्कहून येताना ग्रेट सर्कल सोडून दक्षिणेकडून लांबून आलं आणि तिथे चांगला पाठचा वारा मिळाला, तर विमान लवकर पोचतं. वाहत्या हवेत कमीत कमी वेळाचा मार्ग कसा शोधायचा हा प्रश्न अर्न्स्ट झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९३१ साली मांडला. आज विमानकंपन्यांचे संगणक उड्डाणाच्या काही तास आधी त्या दिवसाच्या वाऱ्यांवर हेच गणित सोडवतात. म्हणून काल ज्या वाटेने विमान गेलं त्याच वाटेने आज जाईल असं नसतं.

वाटेतले देश

आपला दोरा कुठून गेला ते पुन्हा आठवा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आता दोऱ्याला कोणी विचारत नाही, पण विमानाला विचारतात.

बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडली १६ जुलै २०१९ ला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्तापालट झाला आणि अफगाणिस्तानवरच्या आकाशात वाहतूक नियंत्रण उरलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. त्यानंतर रशियाची हद्द युरोपातल्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना मात्र नाही. एका अमेरिकन कंपनीने मार्च २०२२ मध्ये आपली मुंबई–नेवार्क थेट सेवा त्यामुळे काही काळ थांबवली. आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांची वाट पुन्हा अडवली.

म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये, त्याच दिवशी, दोन वेगवेगळ्या देशांच्या विमानांना वेगवेगळं अंतर कापावं लागू शकतं. आपण समजा वळसा धरून अंतर १३,४०० किलोमीटर घेतलं आणि वाऱ्याची सरासरी ताशी ६० घेतली, तर

जाताना : १३,४०० ÷ ८३२ = १६.१ तास
येताना : १३,४०० ÷ ९५२ = १४.१ तास

बघा, येतानाचं उत्तर पुन्हा चौदा! वळशाने जे वाढवलं ते वाऱ्याने कमी केलं. माझं त्या पहाटेचं उत्तर आकड्याने बरोबर होतं, पण योगायोगाने. वळसा आणि वारा या दोन्ही गोष्टी मी धरल्याच नव्हत्या.

शिवाय कंपनीच्या वेळापत्रकात छापलेला वेळ हा फक्त हवेतला नसतो. विमानतळावर विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, उड्डाणाची वाट बघणं, सगळं त्यात येतं. अर्धा तास सहज धरा.

तिकिटावरचं घड्याळ

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्कचं हिवाळ्यात पाच तास मागे. फरक साडेदहा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. त्या मधल्या काळात फरक साडेनऊ तास.

डिसेंबरात मुंबईहून रात्री दीडला निघालं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी सातला उतरलं, तर वरवर प्रवास साडेपाच तासांचा. त्यात साडेदहा मिळवा, सोळा तास. परत येताना दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत, वरवर पंचवीस तास. त्यातून साडेदहा वजा करा, साडेचौदा. पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला येताना वजा करा. सुट्टीत गावाकडच्या मंडळींना तिकीट वाचून दाखवण्याचं काम आलं तर हे उपयोगी पडेल.

दारापासून दारापर्यंत

आता त्या मंगळवारकडे येतो.

मी चौदा तास सांगितले तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते. काकांनी बोटं मोजली. "म्हणजे रात्री आठ-साडेआठ. थांबू या." आणि त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "रात्री आठनंतर नेऊ, न्यूयॉर्कहून येतोय." सोलापूरच्या आत्यालाही तेच सांगितलं. आत्या म्हणजे आजोबांची एकुलती एक मुलगी. रात्री आठ म्हटल्यावर तिने विचार केला की मुलगा दुपारी घरी आला की त्याच्याबरोबर निघू. सोलापूरहून गाडीने सहा तास, म्हणजे वेळेत पोचू.

अकरा वाजता दादाचा फोन आला. थेट विमानात जागा नव्हती. आखातातून बदलून येणारं तिकीट मिळालं होतं, तिथल्या मंगळवारी सकाळी अकराचं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजणार होते. म्हणजे आम्ही ज्या वेळेला तो कराडात दारात उभा राहील असं धरलं होतं, त्या वेळेला त्याचं विमान तिथून हललेलंही नसणार होतं!

पुढे दादाच्या प्रवासाचा हिशोब मी लिहून काढला. तो असा :

फोन आल्यापासून पहिलं विमान सुटेपर्यंत : १५ तास ३० मिनिटं
न्यूयॉर्क ते आखात : १२ तास ४५ मिनिटं
मधला थांबा : ४ तास
आखात ते मुंबई : ३ तास
मुंबईत पासपोर्ट तपासणी, सामान, बाहेर पडणं : १ तास १५ मिनिटं
मुंबई ते कराड गाडीने : ६ तास ३० मिनिटं
एकूण : ४३ तास

यातले हवेतले तास फक्त पावणेसोळा. उरलेले सव्वासत्तावीस तास कुठल्याच सूत्रात नव्हते. माझ्या चौदा तासांत दादाचं तिकीट काढणं नव्हतं, त्याचं घर ते विमानतळ नव्हतं, पुणे–सातारा रस्ता नव्हता. मी दोन विमानतळांमधला वेळ सांगितला होता. काकांनी विचारलं होतं, "त्याला किती वेळ लागेल?" प्रश्नात विमान नव्हतंच, दादा होता.

दोन दिवस थांबणं शक्य नव्हतं. काकांनी ठरवलं, सूर्यास्ताच्या आत उरकायचं. पुन्हा सगळ्यांना फोन गेले, या वेळी पाच वाजता म्हणून. जवळचे सगळे आले. आत्याला सव्वाअकराला कळलं, गाडीची सोय होऊन ती निघाली साडेबाराला. आम्ही पाच वाजता संगमावर गेलो. डिसेंबरात सहाला दिवस मावळतो. आत्या पोचली साडेसहाला.

पहाटे मी "नक्की सांगता येत नाही, पण दीड दिवसाच्या आत नाही" एवढं जरी म्हटलं असतं, तर काकांनी सकाळीच दुपारची वेळ ठरवली असती आणि आत्या सातला निघून एक वाजता आली असती. दादाचं चुकलं ते अंतरामुळे, त्याला इलाज नव्हता. आत्याचं चुकलं ते माझ्या आकड्यामुळे.

मग करायचं काय?

लेखाचं तात्पर्य 'गणित करू नका' असं मुळीच नाही. गणित कराच, पण ते कशाचं उत्तर आहे ते आधी बघा. मी आता कोणी असा प्रश्न विचारला की पाच गोष्टी याच क्रमाने बघतो. पहिली, जागा असलेलं पहिलं विमान कधी आहे? सर्वांत जास्त वेळ बहुतेक वेळा इथेच जातो. दुसरी, ते थेट आहे की बदलून? तिसरी, वेळापत्रकातला ब्लॉक टाइम किती? तो त्यांनी वारा आणि वळसा धरून काढलेला असतो, आपल्या भागाकारापेक्षा तो केव्हाही चांगला. चौथी, तिकिटावरच्या वेळा आपल्या घड्याळात आणल्या का? पाचवी, दोन्हीकडचा रस्ता धरला का? आणि एवढं करून उत्तर सांगायचं ते एका आकड्यात नाही. "लवकरात लवकर इतके, उशिरात उशिरा तितके" असं सांगायचं. प्रयोगवहीत आपण प्रत्येक मोजमापापुढे अधिक-उणे लिहितो, सर लाल पेनने खूण करतात म्हणून. ते अधिक-उणे कशासाठी असतं हे मला त्या दिवशी कळलं.

दादा बुधवारी रात्री एक वाजता, म्हणजे खरं तर गुरुवार लागल्यावर, घरी आला. तो आला तेव्हा ओसरीत आत्याच जागी होती. तिने त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. मला ती त्या दिवशीही काही बोलली नाही आणि नंतरही नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी निवडणं-टिपणं चाललं असताना तिने सहज विचारलं, "काय रे, विमानाला खरंच चौदा तास लागतात का?"

मी म्हटलं, "हो आत्या, विमानाला चौदाच लागतात."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.